ओआरमध्ये जायचंय? दारावर ती पाटी नसते

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सांगलीकडचा मुलगा, बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला, ऑपरेशन्स रिसर्चचा म्हणजे ओआरचा एक पेपर होता तो जाम आवडला, आता यातच काहीतरी करायचंय. पण नोकरीच्या साइटवर हे नाव टाकलं की मोजून चार जाहिराती दिसतात आणि त्यातल्या दोन लेक्चररच्या. घरचे विचारतात हे नक्की असतं काय. आयआयटी नाही मिळाली तर काय आणि इंग्रजी कच्चं आहे ते चालेल का, असंही शेवटी विचारलंय.

मी या कामात 19 वर्षं आहे, सुरुवात भोसरीत, मग मधे काही वर्षं बंगळुरूला एअरलाइन्सच्या क्रू शेड्युलिंगवर आणि आता पुण्यात सप्लाय चेनमध्ये. घरच्यांचं म्हणशील तर ती अडचण सगळ्यांनाच येते. माझी आई शेजारी सांगायची की मुलगी ऑपरेशनवर रिसर्च करते, तर एका काकूंनी मला जिन्यात गाठून गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता करू का दिवाळीनंतर असं विचारलं होतं. मी तेव्हा हसले, पण नंतर वाटलं की काकूंचा प्रश्न खरं तर ओआरचाच होता, कारण आता करू की नंतर, इथे ठेवू की तिथे, याच्याकडे देऊ की त्याच्याकडे, आणि हाताशी माणसं-पैसे-वेळ मर्यादित, एवढंच आमचं दुकान आहे.

आता जाहिराती का दिसत नाहीत ते सांगते, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. हे काम भरपूर आहे पण या नावाने विकलं जात नाही. सप्लाय चेन ॲनालिस्ट, नेटवर्क प्लॅनिंग, रेव्हेन्यू मॅनेजमेंट, प्रायसिंग, डिसिजन सायन्स, ऑप्टिमायझेशन इंजिनियर, कारखान्यात असेल तर पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल, आणि हल्ली तर सरसकट डेटा सायंटिस्ट. जाहिरातीचं हेडिंग वाचूच नकोस, खाली स्क्रोल करून बघ की लिनियर प्रोग्रामिंग, मिक्स्ड इंटिजर, सॉल्व्हर (असे प्रॉब्लेम सोडवणारं सॉफ्टवेअर), गुरोबी, सीप्लेक्स, ओआर-टूल्स (ही अशाच सॉफ्टवेअरची नावं), शेड्युलिंग, रूटिंग यातलं काही लिहिलंय का, लिहिलं असेल तर ती आपली जागा. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, वॉलमार्ट यांच्याकडे, ब्लू यॉन्डर आणि ओनाइन (o9) यांच्यासारख्या प्लॅनिंग सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे, एअरलाइन्समध्ये सेबरसारख्यांकडे हे काम असतं, आणि बरंचसं बंगळुरू-हैदराबादला आहे हे आधीच मान्य कर, पुण्या-मुंबईत आहे पण विखुरलेलं आहे.

आणि एक गैरसमज काढून टाक की मशीन लर्निंग आलं म्हणजे हे संपलं. उद्या कुठल्या दुकानात किती मागणी येईल हा अंदाज एमएल देतं, पण मग कुठल्या गोदामातून किती माल कुठल्या गाडीत भरायचा हे कोणीतरी ठरवावंच लागतं, आणि अंदाज कितीही भारी असला तरी ठरवणारा ढिसाळ असेल तर पैसे जातातच.

तुझ्या पेपरबद्दल. आपल्याकडे कॉलेजात ओआर म्हणजे सिम्प्लेक्स नावाच्या पद्धतीची टेबलं हाताने सोडवणं, मी पण पानंच्या पानं सोडवली आहेत आणि नोकरीत आजपर्यंत एकदाही हाताने सोडवायला लागलं नाही. लागतं ते वेगळंच. हे बघ, एक बचत गट आहे, दिवाळीचा फराळ करतात. चकलीला किलोमागे 80 रुपये सुटतात, चिवड्याला 50. एक किलो चकलीला माणशी अर्धा तास जातो, चिवड्याला 12 मिनिटं म्हणजे 0.2 तास. सहा बायका रोज सात तास, म्हणजे 42 तास. पॅकिंग दिवसाला 120 किलोच्या वर होत नाही. आता कुणीही म्हणेल चकलीत जास्त सुटतं ना, मग चकलीच करा. केली, 84 किलो झाली, 6,720 रुपये सुटले. नुसता चिवडा केला तर 120 किलोचे 6,000. आणि 60 किलो चकली, 60 किलो चिवडा असं केलं तर तास पण पूर्ण वापरले जातात, पॅकिंग पण पूर्ण, आणि सुटतात 7,800.

इथपर्यंत तुझ्या पेपरात आहे. परीक्षेत इथेच उत्तराखाली दोन रेघा मारतात, आणि नोकरीतलं काम तिथूनच सुरू होतं. कारण गटाच्या अध्यक्ष बाई 60-60 ऐकून घेतील आणि मग विचारतील, ताई अजून एक बाई लावू का? हिशोब केलास तर दिसेल की एक तास वाढवला की बरोबर 100 रुपये वाढतात आणि पॅकिंग एक किलोने वाढवलं तर 30 रुपये. म्हणजे सात तासांसाठी एक बाई आली तर फायदा 700 ने वाढतो, तिला चारशे-पाचशे रोज देऊनही परवडतं. पण हे किती वेळ खरं? एकूण 60 तासांपर्यंत, त्यानंतर चिवडा शून्यावर येतो, सगळी चकलीच होते, पॅकिंग अडून बसतं आणि पुढच्या तासाची किंमत शून्य. याला तू शॅडो प्राइस म्हणून पाठ केलं असशील, पण अध्यक्ष बाईंना तो शब्द न वापरता सांगता आलं तर तुला ओआर येतं असं मी म्हणेन, आणि खरं सांगते एमटेक झालेली बरीच पोरं इथे अडखळतात.

माझं स्वतःचं शिक्षण यात एका प्रेस शॉपवर झालं. इंजिनियरिंग प्रॉडक्शनमधलं, 2006 ला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पीपीसीला चिकटले, पगार 9 हजार. सहा प्रेस म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणारी मशीन, सत्तरेक डाय म्हणजे त्यांचे साचे, आणि एक डाय उतरवून दुसरी चढवायची तर पाऊण तास मशीन बंद. दिवसाला 26 वेळा बदल व्हायचे. मला वाटलं हे तर आपण शिकलोय, सिक्वेन्सिंग, एका मॉडेलचे पार्ट एकामागे एक लावले की बदल कमी. तीन आठवडे घरी बसून एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला, कागदावर 26 चे 17 झाले, मी प्रिंट काढून अगदी ऐटीत शॉपवर गेले. तिथले सुपरवायझर काका, दहावी झालेले असतील-नसतील, त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाले, ताई, दोन नंबर आणि पाच नंबरला सव्वादहाला एकदमच डाय बदल लावलाय, क्रेन काय माझ्या डोक्यावरून नेणार का?

क्रेन एकच होती. माझ्या मॉडेलमध्ये क्रेन नव्हतीच. शिवाय तीन नंबरला जड डाय बसत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत डाय बसवणारा सेटर नसतो, हेही त्याच पाच मिनिटांत कळलं. मग रोज शिफ्ट सुटल्यावर काकांबरोबर चहा आणि एकेक अट वहीत. शेवटी 17 काही झाले नाहीत, 20 झाले, पण ते 20 खरोखर शॉपवर चालले. तेव्हापासून माझी सवय आहे की मॉडेल लिहायच्या आधी जो माणूस ते काम हाताने करतो त्याच्या शेजारी निदान एक दिवस बसायचं. बंगळुरूला क्रू शेड्युलिंगला गेल्यावरही पहिला आठवडा मी रोस्टर लावणाऱ्यांच्या टेबलालाच खुर्ची लावून बसले होते, मॅनेजरला वाटलं हिला काही काम नाहीये.

आता रस्ते. तू बीएस्सीवाला आहेस त्यामुळे तुझे रस्ते आधी.

सगळ्यात सरळ म्हणजे जॅम, आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दे, त्यातून आयआयटी मुंबई, कानपूर वगैरेची एमएस्सी स्टॅट मिळू शकते. पवईला आयईओआर म्हणून विभागच आहे, इंडस्ट्रियल इंजिनियरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च, त्यांच्याकडे ओआरमध्ये एमएस्सी-पीएचडी असा जोड कोर्स जॅममधून आणि एमटेक गेटमधून असतो, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः उघडून वाच, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. दुसरं, दिल्ली विद्यापीठात ऑपरेशनल रिसर्चचा वेगळा विभाग आहे आणि एमएस्सीच त्या नावाची मिळते, प्रवेश सीयूईटी-पीजीतून. आपल्याकडच्या मुलांना हा पर्याय माहितीच नसतो, दिल्ली म्हटलं की यूपीएससीच आठवतं. तिसरं, कोलकात्याची आयएसआय म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, तिथे क्वालिटी, रिलायबिलिटी आणि ओआर असा एमटेक आहे, पण त्याला एमएस्सी किंवा इंजिनियरिंग झालेलं लागतं, म्हणजे तुला दोन वर्षांनी. आयएसआयचं आणि ओआरचं नातं जुनं आहे, तिचे संस्थापक महालनोबिस यांनी 1953 मध्ये तिथे राष्ट्रीय नियोजनासाठी ओआरचं युनिट काढलं होतं.

आणि यातलं काहीच मिळालं नाही तर? तर पुणे विद्यापीठ किंवा तुझ्या शेजारचं शिवाजी विद्यापीठ, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, आणि यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. माझ्या टीममध्ये आत्ता सात जण आहेत त्यातले दोनच आयआयटीचे, दोघं विद्यापीठातून एमएस्सी स्टॅट, एक मेकॅनिकल डिप्लोमावरून वर आलेला, बाकी दोन कॉम्प्युटरचे. आयआयटीमुळे पहिली नोकरी सोपी जाते हे खरं आहे, खोटं कशाला बोलू, कॅम्पसला कंपन्या येतात आणि तुझ्या कॉलेजात येणार नाहीत. पण पहिल्या नोकरीनंतर तुझ्या बायोडेटावर काय सोडवलंस तेच बघतात. विद्यापीठातून येणाऱ्याला साधारण एक पायरी जास्त चढावी लागते, म्हणजे आधी ॲनालिस्ट किंवा एमआयएस, रिपोर्टं काढायची, एसक्यूएल चालवायचं, आणि मग आतून प्लॅनिंगच्या टीमकडे सरकायचं. हा बाजूचा दरवाजा आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लोक याच दरवाज्याने आत आलेत.

इंजिनियरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हे वाचणारे तेही असतील. मेकॅनिकल-प्रॉडक्शनवाल्यांनी पीपीसी, लॉजिस्टिक्स, डिस्पॅच या खात्यांना नाकं मुरडू नका, डिझाइनपेक्षा ग्लॅमर कमी आहे पण खरे प्रॉब्लेम तिथेच पडलेले असतात. पुढे गेट किंवा कॅट. पवईलाच विहार तलावाजवळची जी नीटी नावाची इंडस्ट्रियल इंजिनियरिंगची संस्था होती, 1963 ची, ती 2023 पासून आयआयएम मुंबई झालीय, तिथे ऑपरेशन्सची जुनी परंपरा आहे, पण तो मॅनेजमेंटचा रस्ता आहे, तिथून बाहेर पडलेला माणूस मॉडेल बनवण्यापेक्षा बनवून घेतो. वाईट नाही, वेगळं आहे.

सरकारी म्हणशील तर डीआरडीओची दिल्लीत इस्सा नावाची प्रयोगशाळा आहे, सिस्टीम्स स्टडीज आणि ॲनालिसिसची, युद्धाच्या परिस्थितीचं मॉडेलिंग वगैरे. ओआरचा जन्मच मुळात लष्करी, 1930 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये रडारच्या कामातून झाला, तेव्हा ते काही वेगळं नाही. यूपीएससीच्या आयएसएस म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही ओआर आहे, पण नोकरी लागल्यावर काम मुख्यतः आकडेवारी आणि सर्वेक्षणांचं, त्यामुळे ओआर करायला मिळेल म्हणून तिकडे जाऊ नकोस, अधिकारी व्हायचं असेल तर जा.

परदेशाचं, अमेरिकेत कॉर्नेल, जॉर्जिया टेक, कोलंबिया, बर्कली यांच्याकडे हे विभाग तगडे आहेत, ब्रिटनमध्ये लँकेस्टर, साउथॅम्प्टन, एडिंबरा. तिकडे ब्रिटनमध्ये सरकारची स्वतःची ओआर सर्व्हिस आहे, खात्याखात्यांत ओआरवाली माणसं बसलेली असतात, आपल्याकडे असं कधी होईल देव जाणे. पण शेत किंवा घर गहाण ठेवून एमएस करायला जाऊ नकोस असं मी स्पष्ट सांगते, दोन वर्षं इथे काम कर, मग बघ. पीएचडीचं वेगळं, अमेरिकेत तिला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड असतो, पण ती पाच वर्षं अभ्यासाची खरी हौस असेल तरच.

आत्ता, या महिन्यात काय करायचं? पायथन शीक, पण पायथनचे कोर्स करत बसू नकोस. पल्प (PuLP) नावाची लायब्ररी टाक, फुकट आहे, वर दिलेला चकलीचा प्रॉब्लेम त्यात लिही, पंधरा ओळी होतील, उत्तर 60-60 येतंय का बघ. मग त्यात तिसरा पदार्थ घाल, मग अशी अट घाल की शेव करायची तर निदान 20 किलो, नाहीतर अजिबात नाही. या एका 'नाहीतर'ने तू लिनियरमधून इंटिजरमध्ये, म्हणजे हो-नाहीच्या आणि पूर्ण आकड्यांच्या प्रॉब्लेममध्ये जातोस आणि तिथे खरी मजा आणि खरा त्रास दोन्ही आहे. एक्सेलचा सॉल्व्हर पण चालेल सुरुवातीला, 200 व्हेरिएबलपर्यंत तो सोसतो. पुढे हायस (HiGHS) म्हणून एक मोफत सॉल्व्हर आहे एडिंबराहून आलेला, तो चांगला आहे, आणि गुरोबी विद्यार्थ्यांना फुकट लायसन्स देतं, कॉलेजात आहेस तोवर घेऊन ठेव कारण बाहेर त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. गुरोबीच्या लॉगमध्ये बॅरियर असा शब्द दिसेल, ती प्रॉब्लेम सोडवायची एक पद्धत, त्या घराण्याच्या पद्धतींना जोर आला तो 1984 मध्ये नरेंद्र करमरकरांच्या अल्गोरिदममुळे, ते आयआयटी मुंबईचे, तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्समध्ये होते, आपला माणूस म्हणून जरा छाती फुगवायला हरकत नाही. व्हिडिओ बघायचे तर एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत लेक्चर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची ओआरची लेक्चर्स आहेत, फळ्यावर खडूने शिकवतात, इंग्रजी सोपं आणि संथ, तुला समजेल.

इंटरव्ह्यूत मी काय विचारते ते पण सांगते, गुपित नाहीये. गणपतीला एसटी कोकणात जादा गाड्या सोडते, त्यासाठी वेगवेगळ्या डेपोंतून गाड्या मुंबई-ठाण्याकडे आणाव्या लागतात, तर कुठल्या डेपोने किती द्यायच्या, मॉडेल कर. काही मुलं लगेच मार्कर उचलतात, एक्स आय जे म्हणजे आय डेपोतून जे ठिकाणी गेलेल्या गाड्या, अंतर कमीत कमी करा, झालं, ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम, दोन मिनिटांत खुर्चीत. चूक नाहीये. पण एक मुलगी आली होती, तिने मार्कर उचललाच नाही. मलाच विचारायला लागली, डेपोने गाड्या दिल्या तर तिथल्या रोजच्या गावफेऱ्यांचं काय, शाळेची मुलं कशाने जाणार? घाट न चालवलेला ड्रायव्हर चालेल का? सोडायला गेलेली गाडी रिकामी परत येणार की तिथेच थांबणार, विसर्जनानंतर परतीची गर्दी उलट्या दिशेने आहे ना? ड्रायव्हरने झोपायचं कुठे? दहा मिनिटं तिने नुसते प्रश्नच विचारले आणि मग फळ्यावर जे लिहिलं त्यात एक कन्स्ट्रेंट म्हणजे अट गणिताच्या दृष्टीने चुकलेला होता, आम्ही तिला घेतलं. कन्स्ट्रेंट काय, आठवड्यात शिकली.

आणि हो, कामाची एक कंटाळवाणी बाजू पण असते. निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जातो, एकाच गावाचं स्पेलिंग पाच प्रकारे लिहिलेलं, ट्रकची क्षमता कुठे टनात कुठे पेट्यांमध्ये. मॉडेल रात्रभर चालतं आणि सकाळी लॉगमध्ये गॅप 3 टक्के दिसतो, म्हणजे मिळालेलं उत्तर सर्वोत्तमापासून जास्तीत जास्त तेवढं लांब असू शकतं, आणि मग ठरवायचं की अजून चार तास चालवू का मॅनेजरला हेच देऊ. बहुतेक वेळा हेच द्यायचं, कारण तुझ्या डेटातच पाच टक्के घोळ असतो. आणि काही वेळा सगळं बरोबर करूनही कोणी वापरत नाही, साहेब म्हणतात छान आहे आणि प्लॅन जुन्याच एक्सेलवर लागतो. माझी निदान तीन मॉडेलं अशी धूळ खात पडली आहेत.

इंग्रजीचं राहिलं. चालतं रे. ईमेल लिहिता यायला हवी आणि डॉक्युमेंट वाचता यायला हवं, बोलताना अडलास तरी कोणी काढून टाकत नाही, आणि कारखान्यात, गोदामात, डेपोत जाऊन माणसांशी मराठी-हिंदीत नीट बोलता येणं याची किंमत कॉन्व्हेंटच्या इंग्रजीपेक्षा जास्त आहे, निदान माझ्या टीममध्ये तरी. जो डिप्लोमावरून आलाय म्हटलं ना, त्याला गोदामात पाठवलं की दुपारपर्यंत हमालांकडून सगळ्या अटी काढून आणतो.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरच्या आसपास सुटतो आणि परीक्षा फेब्रुवारीत, गेटचंही थोडं मागेपुढे तसंच. तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेव. मी एक वर्ष प्रेस शॉपच्या नादात फॉर्म भरायची तारीख विसरले आणि ते अख्खं वर्ष आणखी भोसरीत डाय मोजत बसले होते.